प्राचार्य पाच वर्षांचे, अध्यक्ष पिढ्यान्‌पिढ्यांचे

अनुदानित कॉलेजच्या प्राचार्याची मुदत पाच वर्षं. काम बरं वाटलं तर आणखी पाच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनं हे पक्कं करून टाकलंय. त्याची पीएच.डी., शोधनिबंध, अनुभव सगळं मोजून, निवड समितीसमोर बसवून त्याला खुर्ची मिळते आणि दहा वर्षांनी ती काढूनही घेतली जाते. त्याच कॉलेजच्या पोर्चमध्ये ज्यांची गाडी आली की हे प्राचार्य लगबगीनं पायऱ्या उतरून खाली येतात, त्या संस्थाध्यक्षांची मुदत किती, हे मात्र विचारायचं नसतं. संस्थेच्या घटनेत ती लिहिलेली असते. तीन वर्षं, पाच वर्षं, काहीतरी असतं. निवडणूकही होते, बिनविरोध. मग आजोबा 'संस्थापक', वडील 'अध्यक्ष', मुलगा 'कार्याध्यक्ष' आणि सून महिला महाविद्यालयाची 'समन्वयक' होते. नातू अजून दहावीला असतो, पण त्याच्या वाढदिवसाला एनएसएसची पोरं टेकडीवर झाडं लावून येतात.

कोल्हापूर-सांगली-सातारा पट्ट्यात राहणाऱ्या कुणालाही यात नवल वाटणार नाही, हीच तर अडचण आहे. कॉलेज वारसानं पुढं जायचंच, हे आपण केव्हाच मुकाट्यानं मान्य करून टाकलंय. माझं म्हणणं असं की ज्या कॉलेजचे पगार सरकारी तिजोरीतून होतात ते असं वारसानं जाता कामा नये, आणि हे आता कायद्यानंच सांगायला हवं. त्यासाठी मी उदाहरण लांबचं घेणार आहे, एका अमेरिकन कॅथलिक पाद्र्याचं. जवळचं घेतलं तर नावं येतात, आणि नावं आली की मुद्दा राहतो बाजूला आणि पै-पाहुण्यांची मोजदाद सुरू होते.

थिओडोर हेस्बर्ग यांचा जन्म १९१७ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजचा. होली क्रॉस नावाच्या धर्मसंघात ते दाखल झाले, रोमला शिकले, महायुद्ध पेटल्यावर मायदेशी परतले आणि १९४३ मध्ये पाद्री झाले. त्यांना नौदलात धर्मगुरू म्हणून जायचं होतं. वरिष्ठांनी सांगितलं, शिकवायला जा. गेले. इंडियाना राज्यातलं नोटर डेम हे ते ठिकाण. नावाला विद्यापीठ, पण आपल्या शिवाजी विद्यापीठासारखं तीन जिल्ह्यांतल्या कॉलेजांच्या परीक्षा सांभाळणारं नव्हे. एकाच आवारातलं मोठं निवासी कॉलेज म्हटलं तरी चालेल. १९४९ मध्ये ते तिथले उपप्रमुख झाले आणि १९५२ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, प्रमुख. संघाच्या वरिष्ठांनी नेमणुकांची यादी वाचली, त्यात नाव होतं, संपलं. मावळत्या प्रमुखांनी ऑफिसची किल्ली हातात दिली आणि आज संध्याकाळी माझं एक भाषण ठरलंय, ते आता तुम्हीच करा म्हणून सांगितलं. हार-तुरे, फ्लेक्स, 'अभीष्टचिंतन' वगैरे काही झाल्याची नोंद नाही.

तेव्हा नोटर डेमची ख्याती फुटबॉलसाठी होती. (फुटबॉल म्हटल्यावर कोल्हापूरकरांचे कान टवकारणार, म्हणून सांगतो: हा अमेरिकन फुटबॉल, चेंडू काखेत मारून धडका देत पळायचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा खेळतात तो नव्हे. वेड मात्र तेच.) नव्या प्रमुखाला भेटायला पत्रकार आले तेही क्रीडा पानाचे. छायाचित्रकारानं त्यांच्याकडं चेंडू दिला आणि खेळाडूसारखी पोज घ्यायला सांगितलं. हेस्बर्ग यांनी साफ नकार दिला; मी काही इथला प्रशिक्षक नाही, विद्यापीठाचा प्रमुख आहे म्हणाले. पुढं पस्तीस वर्षं ते त्या खुर्चीत राहिले. पाच हजारांच्या आत असलेली विद्यार्थिसंख्या साडेनऊ हजारांवर गेली. एक कोटी डॉलरच्या आतलं वार्षिक अंदाजपत्रक साडेसतरा कोटींच्या वर आणि नव्वद लाखांचा कायम निधी पस्तीस कोटींवर पोचला. १९७२ पासून तिथं मुलींना पदवीसाठी प्रवेश मिळू लागला.

एवढ्यावर आपल्याकडचा कुणीही म्हणेल, आमच्या साहेबांनी काय कमी केलंय? माळावर पत्र्याच्या शेडात कॉलेज काढलं, आज तिथं इंजिनिअरिंग आहे, फार्मसी आहे, नर्सिंग आहे. मान्य. ज्या गावातून मुलीला एस.टी.नं तालुक्याला पाठवायला बाप तयार नव्हता, त्या गावाच्या वेशीवर कॉलेज आलं म्हणून ती बी.ए. झाली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या कर्तबगारीला नावं ठेवणारा मी कोण? ज्यानं संस्था काढली त्यानं ती हयातभर चालवली तर माझी फारशी तक्रारही नाही. माझा प्रश्न त्याच्या नंतरचा आहे.

म्हणूनच हेस्बर्ग यांच्या इमारती आणि आकड्यांपेक्षा मला त्यांचं १९६७ सालचं एक काम मोठं वाटतं. नोटर डेम १८४२ मध्ये एडवर्ड सोरिन या फ्रेंच पाद्र्यानं स्थापन केलं. तेव्हापासून सव्वाशे वर्षं जमीन, इमारती, पैसा आणि अंतिम शब्द, सगळं होली क्रॉस संघाच्या हातात. हेस्बर्ग याच संघाचे. त्यांनी आपल्याच माणसांना पटवलं, संघाच्या सभेत रीतसर मतदान झालं आणि १९६७ मध्ये संघानं विद्यापीठाची मालकी सोडली. कारभार एका विश्वस्त मंडळाकडं गेला. या मंडळात बहुसंख्य लोक पाद्री नसलेले: वकील, उद्योजक, माजी विद्यार्थी. पहिले अध्यक्षही शिकागोचे एक वकील, एडमंड स्टीफन. मूळ घटना सांभाळायला बारा जणांचं वेगळं मंडळ. त्यात सहा पाद्री, सहा बाहेरचे.

यातली सगळ्यात अवघड गोष्ट कागदावर दिसत नाही. त्या दिवसापर्यंत हेस्बर्ग यांना जाब विचारणारे त्यांच्याच संघातले, त्यांच्याच पंगतीत जेवणारे होते. त्यानंतर ज्यांच्याशी कसलंच नातं नाही असे लोक त्यांना काढून टाकू शकत होते. आपल्यावर परक्याचा अंकुश बसावा म्हणून झटलेला संस्थाप्रमुख मी तरी आपल्याकडं अलीकडं पाहिलेला नाही.

सगळं सोडलं असंही नाही. विद्यापीठाचा प्रमुख होली क्रॉस संघाचा पाद्रीच असावा, हा नियम त्यांनी ठेवला आणि तो आजही आहे. कुणी म्हणेल, मग हीही घराणेशाहीच झाली की, रक्ताची नसेल, झग्याची असेल. आक्षेप रास्त आहे. मलाही तो नियम पटत नाही. पण एक फरक आहे. तिथल्या पाद्र्याला विश्वस्तांनी निवडावं लागतं, आणि निवडणाऱ्यांत त्याच्या संघाचे लोक थोडे असतात. आपल्याकडं निवडणारा आणि निवडून येणारा एकाच डायनिंग टेबलावरून उठून मीटिंगला येतात.

'पाद्र्याला सोडायला काय जातंय? ना बायको, ना पोरं, ना सातबारा' हा युक्तिवाद मी ऐकलाय. पहिलं म्हणजे जातं. संघातल्या ब्रदर लोकांनी, म्हणजे पाद्री नसलेल्या व्रतस्थांनी, पिढ्यान्‌पिढ्या तिथं विटा भाजल्या, शेती केली, म्हातारे होऊन तिथल्याच आवारात पुरले गेले. असं ठिकाण सोडणं म्हणजे वडिलार्जित वाडा सोडण्याइतकंच जड. आणि दुसरं म्हणजे, अपत्य नसणं ही काही निःस्वार्थाची हमी नव्हे. पुतण्या असतो, भाचा असतो, शिष्य असतो. मठांच्या गादीची भांडणं कोर्टात किती वर्षं चालतात ते आपल्याला ठाऊक आहे. लग्न न करणं ही एक सोय झाली. वारसा नको हा विचार वेगळा, आणि तो करायला पाद्रीच असावं लागत नाही.

त्याचा पुरावा आपल्याच घरात आहे. १८८४ मध्ये पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली तेव्हा टिळक-आगरकरांच्या मंडळींसमोर जेझुइट पाद्र्यांचा नमुना होता: एकदा आलात की तुटपुंज्या वेतनावर शिकवायचं, बाहेरच्या कमाईकडं बघायचं नाही. आजीव सभासदानं वीस वर्षं द्यायची, असा करार. बाहेरच्या कामांच्या आणि कमाईच्या याच वादात टिळक १८९० मध्ये सोसायटीतून बाहेर पडले. त्यांचं बरोबर होतं की आगरकर-गोखल्यांचं, हा वाद अजून मिटलेला नाही; पण ते भांडण संस्था कुणाच्या पोराला मिळणार याचं नव्हतं. फर्ग्युसनचे प्राचार्य वामन शिवराम आपटे गेले, आगरकर आले, आगरकर अकाली गेले. १९०२ मध्ये गोखले निवृत्त होताना केंब्रिजचा सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिला, होऊन आलेले र. पु. परांजपे प्राचार्य झाले. कुणी कुणाचा जावई नव्हता. आणि हे गोखले आपले बरं का. कागलात वाढलेले, राजाराम कॉलेजात शिकलेले.

राजाराम कॉलेजची गोष्ट तर याहून बोलकी. १९१९ मध्ये शाहू महाराजांनी आपल्या संस्थानातलं हे कॉलेज चालवायला आर्य समाजाकडं सोपवलं. स्वतः छत्रपती, कॉलेज संस्थानाचं, हवा तो माणूस बसवता आला असता. पुढं १९२२ मध्ये उत्तरेतून डॉ. बाळकृष्ण आले आणि प्राचार्य झाले. ना मराठा, ना ब्राह्मण, ना कोल्हापूरचा, ना कुणाचा पाहुणा. या परक्या माणसानं शिवछत्रपतींचं खंडांमधून इंग्रजी चरित्र लिहिलं आणि कोल्हापुरात शिवरायांच्या नावानं विद्यापीठ व्हावं असं स्वप्न पाहिलं. विद्यापीठ निघायला १९६२ साल उजाडलं. राजर्षींचं नाव घेऊन भाषणाची सुरुवात करणाऱ्या संस्थाचालकांनी महाराजांचा हा एवढा एक निर्णय तरी वाचावा. कोल्हापुरातल्या दसरा चौकाच्या आसपासची बोर्डिंगं, म्हणजे वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहं, हीही तशीच: महाराजांनी जागा दिल्या, पैसा दिला, आणि त्या त्या समाजाला सांगितलं, तुमचं तुम्ही चालवा.

कर्मवीर भाऊराव पाटलांचं उदाहरण देताना मात्र हात आखडतो, कारण जो तो आपल्या अध्यक्षाला कर्मवीरांच्या रांगेत बसवायला टपलेला असतो. कुंभोजचा हा माणूस. दलित विद्यार्थ्यांच्या मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला गेल्याच्या वादातून कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमधून बाहेर पडलेला. १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातल्या पोरांसाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. आज संस्थाचालकांच्या गौरव अंकात हा प्रसंग हटकून छापतात, आणि पुढच्याच पानावर अध्यक्षांच्या नव्या बंगल्याच्या वास्तुशांतीचा फोटो असतो. संपादकाला यात काही खटकत नाही, हे मला फार दिवस कोडं आहे.

तर मग कॉलेज कुणाच्या पैशावर उभं राहिलं? आपल्या भागातलं उत्तर सोपं आहे. जमीन गायरानातली किंवा गावकऱ्यांनी दिलेली. पहिली इमारत शेतकऱ्यांच्या उसाच्या बिलातून टनामागं कापून घेतलेल्या पैशाची. पुढची प्राध्यापकांच्या पगारातून 'ऐच्छिक' कपात करून. पगार सरकारचा, प्रयोगशाळा विद्यापीठ अनुदान आयोगाची, फी पोरांची. त्या टनेजवाल्या शेतकऱ्याला साखर कारखान्यात निदान शेअरचा कागद मिळाला आणि मत मिळालं. गोकुळची, म्हणजे कोल्हापूर जिल्हा दूध संघाची, निवडणूक लागली की सारा जिल्हा ढवळून निघतो, ठरावधारकांच्या (दूध संस्थांच्या मतदार प्रतिनिधींच्या) सहली निघतात, शिरोळपासून चंदगडपर्यंत जेवणावळी उठतात. त्यात चांगलं किती, वाईट किती, तो भाग सोडा. सत्ता हलू शकते एवढं तरी तिथं खरं. शिक्षण संस्थेची निवडणूक कधी झाली हे गावाला कळतसुद्धा नाही. सभासद वीस-पंचवीस, त्यातले निम्मे एकाच आडनावाचे, उरलेले त्यांच्या पेट्रोल पंपावरचे आणि दूध संस्थेतले. नवे सभासद करून घ्यायचेच नाहीत, हा यातला मुख्य हिकमतीचा भाग. सहायक धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात पदाधिकारी बदलल्याचा 'बदल अर्ज' जातो, हरकत घ्यायला कुणी नसतं, मंजूर होतो. सगळं कायदेशीर.

कायद्यानं काहीच केलं नाही असंही नाही. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानं प्रत्येक कॉलेजात महाविद्यालय विकास समिती सक्तीची केली. निवडून आलेले शिक्षक, शिक्षकेतर कर्मचारी, बाहेरचे जाणकार, विद्यार्थी परिषदेचा प्रतिनिधी, सगळे तीत आहेत. अध्यक्षस्थानी संस्थेचे अध्यक्ष, सदस्य-सचिव प्राचार्य. शिक्षक प्रतिनिधी म्हणून मी अशा समितीवर बसलोय. बैठक अकराला, अध्यक्ष साडेबाराला येणार म्हणून आम्ही स्टाफरूममध्ये. ते आले की शाल, बुके, फोटो. 'जाणकार' म्हणून नेमलेले दोघे म्हणजे त्यांच्याच दोन ठेकेदारांपैकी एक आणि एक निवृत्त नातलग. अंदाजपत्रकाचा विषय आला तेव्हा प्राचार्यांनी फाईल उघडली, अध्यक्षांनी हातानंच 'असू दे' अशी खूण केली, आणि प्राचार्यांनी ती मिटली. तोवर बटाटेवडे आले. प्रोसिडिंगचं रजिस्टर वड्यांच्या प्लेटांमधून वाट काढत सह्यांसाठी फिरलं. ठराव नंतर लिहायचे होते, म्हणून पानं कोरी होती. मी सही केली. सगळेच करतात. त्या प्राचार्यांचं इंग्रजी साहित्यातलं वाचन ऐकत राहावं असं होतं, आणि त्यांची पहिली पाच वर्षं संपायला सात महिने उरले होते.

इथं प्राचार्यांना भित्रे म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण त्यांची मुदतवाढ, मुलाची सीएचबीवरची (तासावर पैसे मिळणारी) तासिका, निवृत्तीच्या वेळची कागदपत्रं, सगळं ज्या हातात आहे तो हात 'असू दे' म्हणत असेल तर फाईल मिटली जाणारच. मुदत पाच वर्षांची आणि वर मालक कायमचा, ही रचनाच माणसाला वाकवणारी आहे.

हेस्बर्ग यांना ताठ राहता आलं, याला त्यांच्या स्वभावाइतकंच, १९६७ नंतर वर असा कायमचा मालक उरला नव्हता, हेही कारण आहे. स्वभाव तर आधीपासूनचाच. १९५४ मध्ये त्यांच्या विद्यापीठानं छापलेलं एक पुस्तक मागे घ्यावं म्हणून थेट रोमहून दबाव आला. हेस्बर्ग हटले नाहीत; राजीनाम्याची भाषा त्यांनी केली, पुस्तक मागे घेतलं नाही. १९६७ च्या जुलैमध्ये विस्कॉन्सिनमधल्या लँड ओ'लेक्स इथं विद्यापीठाच्याच जागेत त्यांनी कॅथलिक शिक्षणसंस्थांच्या मंडळींना जमवलं आणि तिथून जे निवेदन निघालं त्याचा सार असा: विद्यापीठाला खरी स्वायत्तता हवी, बाहेरच्या कुठल्याही सत्तेपासून, मग ती सत्ता सामान्य माणसांची असो की धर्मगुरूंची. धर्मगुरूनं हे म्हणणं म्हणजे आपल्याकडं एखाद्या आमदार-अध्यक्षानं 'कॉलेजात आमदाराची लुडबुड नको' असा ठराव मांडण्यासारखं आहे.

त्याच लँड ओ'लेक्सची आणखी एक गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९५७ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी नागरी हक्क आयोग नेमला. सहा सदस्य, त्यात हेस्बर्ग. दक्षिणेत सुनावण्या घ्यायच्या तर अडचण अशी की आयोगातल्या एकमेव कृष्णवर्णीय सदस्याला गोऱ्यांबरोबर हॉटेलात खोली मिळायची नाही. सदस्यांत दक्षिणेतले कट्टर गोरेही होते. एकमत होईना. हेस्बर्ग यांच्या लक्षात आलं की या सगळ्यांना मासे पकडायचा शौक आहे. त्यांनी सगळ्यांना विमानानं लँड ओ'लेक्सला नेलं. तळ्यात होड्या, रात्री भाजलेलं मांस, सोबत बर्बन व्हिस्की, आणि गप्पा मारता मारता जवळजवळ सगळ्या शिफारशींवर सह्या. पुढं ते या आयोगाचे अध्यक्ष झाले, निक्सन सरकारच्या वर्णभेदाविषयीच्या ढिलाईवर उघड टीका करत राहिले, आणि १९७२ च्या निवडणुकीनंतर निक्सन यांनी त्यांचा राजीनामा मागितला. आयोग गेला, विद्यापीठ गेलं नाही. वॉशिंग्टनची गैरमर्जी झाली म्हणून विश्वस्तांनी त्यांना हटवलं नाही. आपल्याकडं मतदारसंघातला प्रतिस्पर्धी व्याख्यानमालेला बोलावला म्हणून प्राचार्य बदलतो. आणि इलेक्शनला प्राध्यापकांना गावं वाटून दिली जातात, तेव्हा तासिकांचं काय हे कुणी विचारत नाही.

हेस्बर्ग साधू होते असं मात्र मी म्हणणार नाही. दारिद्र्याचं व्रत घेतलेला हा माणूस चेस मॅनहॅटन बँकेच्या संचालक मंडळावर बसत होता. देशभर, जगभर इतकं फिरायचे की विद्यार्थ्यांत विनोदच होता: देव आणि फादर हेस्बर्ग यांच्यात फरक काय? देव सगळीकडं असतो. हेस्बर्ग नोटर डेम सोडून सगळीकडं असतात. १९६९ मध्ये विद्यार्थी आंदोलनं पेटली तेव्हा त्यांनी पत्र काढलं की कामकाज अडवणाऱ्यांना विचार करायला पंधरा मिनिटं, नंतर कारवाई. निक्सन यांनी खूष होऊन अभिनंदन केलं. त्याच वर्षी काही पोरांवर ती कारवाई झालीही. मला हे पत्र मुळीच आवडत नाही. (सरकारनं मात्र या निमित्तानं विद्यापीठांवर कायदे लादू नयेत, असंही त्यांनी कळवलं होतं, आणि १९७० मध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्ध भर सभेत बोलले.)

आणि सगळ्यात मोठा आक्षेप त्या पस्तीस वर्षांचा. पूर्वी नोटर डेमचा प्रमुख संघाचाही स्थानिक वरिष्ठ असायचा, आणि चर्चच्या कायद्याप्रमाणं त्या पदाला सहा वर्षांची मर्यादा होती. १९५८ मध्ये ही दोन पदं वेगळी केली आणि हेस्बर्ग यांची मर्यादा सुटली. जुना नियम शहाणपणाचा होता असं माझं मत आहे. ज्यानं मालकी सोडली त्यालाही खुर्ची लवकर सोडवली नाही, म्हणजे खुर्ची सोडायचं काम माणसाच्या चांगुलपणावर टाकता येत नाही. त्याला नियमच लागतो.

मग मागणी काय? कॉलेजं सरकारनं ताब्यात घ्यावीत असं मी म्हणत नाही. सरकारी कॉलेजांतली रिक्त पदं आपण पाहतोच आहोत. अल्पसंख्याक संस्थांना घटनेच्या तिसाव्या कलमानं दिलेल्या हक्काशीही माझं भांडण नाही, कारण त्या हक्कात समाजाची संस्था अभिप्रेत आहे, एका घरची नव्हे. मला एवढंच हवंय की ज्या संस्थेच्या शिक्षकांचा पगार शासन देतं, तिच्या नियामक मंडळावर एका कुटुंबातला, रक्ताचा वा लग्नाचा, एकच माणूस असावा. पदाधिकाऱ्यालाही तीच मुदत, जी प्राचार्याला: पाच अधिक पाच. सभासदत्व माजी विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना ठरलेल्या वर्गणीवर खुलं असावं, आणि नाकारायचं असेल तर लेखी कारण द्यावं. विकास समितीवरचे बाहेरचे सदस्य संस्थेनं नव्हे, विद्यापीठानं नेमावेत. संस्थापकाचा फोटो हॉलमध्ये लावा, कॉलेजला त्यांचं नाव द्या, जयंतीला सुट्टी द्या. त्याला कुणाची हरकत नाही.

बाहेरचे येऊन संस्था लुटतील ही भीती मला खोटी वाटत नाही. राजकीय पक्ष सभासद घुसवतील, जातीची पॅनेलं होतील. होतील. पण तेव्हा किमान दोन पॅनेलं असतील, आणि एकाचा हिशेब दुसरा मागेल. आज हिशेब मागणाराच खोलीत नाही.

हेस्बर्ग १९८७ मध्ये निवृत्त झाले. त्यांच्याबरोबर पस्तीस वर्षं विद्यापीठाचा पैसा सांभाळणारे फादर जॉइस यांनाही त्यांनी बरोबर घेतलं आणि दोघं म्हातारे एक मोठी घरगाडी घेऊन अमेरिकेच्या पश्चिमेकडं भटकायला निघून गेले. नव्या प्रमुखाच्या दारात जुना प्रमुख घुटमळू नये म्हणून पहिलं वर्षभर ते विद्यापीठापासून लांबच राहिले. परतल्यावर त्यांना ग्रंथालयाच्या तेराव्या मजल्यावर एक खोली मिळाली. तिथं ते २०१५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ मरेपर्यंत, आल्या-गेल्याशी बोलत बसत. कारभाराच्या फायली खाली, दुसऱ्याच इमारतीत होत्या.

आपल्याकडचे संस्थाचालक घरगाडी घेऊन हिमालयात जातील अशी आशा मी धरत नाही. पण विद्यापीठाच्या अधिसभेची निवडणूक लागली की पदवीधर गटाचे उमेदवार आपापल्या पॅनेलचं पत्रक घेऊन दारात येतातच. त्यांच्या पत्रकात वसतिगृह असतं, परीक्षेचा गोंधळ असतो, फी-वाढ असते. संस्थाध्यक्षांच्या मुदतीबद्दल त्यांना विचारून बघा. त्यांच्या पॅनेलचा खर्च कोण करतंय, हे मग त्यांच्या उत्तरावरून कळेल.